न बघायच्या एकतीस काचा

गोडाउनमध्ये आलेलं सामान कधी ना कधी बाहेर जातंच. किस्से मात्र एकदा आत शिरले की तिथेच मुक्काम ठोकतात, कारण त्यांची डिलिव्हरी ऑर्डर कुणी काढत नाही. मी अकरा वर्षं जबल अलीच्या एका गोडाउनमध्ये नोकरी करते, त्यामुळे माझ्याकडचा साठा बऱ्यापैकी मोठा आहे. शारजातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणी रविवारी चहाला जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "मृणाल, त्या पेटीचं सांग ना." मग मी सांगायला लागते. पेटी एकच, पण किस्से इतके की चहा दोनदा टाकावा लागतो.

आधी गोडाउनबद्दल. ते कांद्याबटाट्याचं नव्हे. तिथे संग्रहालयांच्या वस्तू राहायला येतात: चित्रं, तलवारी, गालिचे, जुने नकाशे. बाहेर सत्तेचाळीस डिग्री असताना आत वीस डिग्री असतं आणि मी जूनमध्ये स्वेटर घालून बसते. माझं काम रजिस्ट्रारचं. कोणती वस्तू आली, कुठे ठेवली, येताना तिला कुठे चीर होती आणि जाताना कुठे आहे, हे सगळं लिहून ठेवायचं.

परबकाका लाकडी पेट्या बनवतात आणि पॅकिंग करतात. देवगडकडचे. बावीस वर्षं आखातात आहेत, पण मालवणी गावाकडच्या हापूससारखी जपून ठेवलेली. जोजी आमचा केरळी फोटोग्राफर. आणि फादी हा लेबनीज मॅनेजर. तो कामाच्या सुरुवातीला "यल्ला", म्हणजे चला, म्हणतो आणि शेवटी "खलास" म्हणतो. मधलं सगळं आम्ही करतो.

* * *

पेटी आली लंडनहून, एका लिलावातून. इथल्या एका खासगी संग्रहालयाच्या मालकांनी ती घेतली होती. आत फोटोंच्या त्रेसष्ट जुन्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात नोकरीला गेलेल्या कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं काढलेल्या. बरोबर त्याच्याच अक्षरातली यादी. एक ते अकरा नंबरला नदी, उंट, त्याचा स्वतःचा तंबू, त्याचा स्वतःचा घोडा, घोड्याचं नाव, घोड्याचं वय. आणि बारा ते बेचाळीस नंबरपर्यंत एकच ओळ: "नेटिव्ह लोकांचा नाच." त्याच्याखाली तीसदा "तेच".

परबकाकांना मी यादी वाचून दाखवली. ते पेटीचे स्क्रू काढता काढता थांबले. म्हणाले, "येवढो लांब गेलो नि नाचाचा नाव पण इचारल्यान नाय? घोड्याचा बरा म्हायती."

आता शितावरून भाताची परीक्षा ही आमची पद्धत. पेटी आली की मधली एखादी वस्तू काढून बघायची, ती ठीक असली तर बाकीच्यांना नंतर सावकाश हात लावायचा. मी मधलं एक पाकीट काढलं. सत्तावीस नंबर. काच ट्यूबलाइटसमोर धरली, कडा बघितल्या, एक जुना तडा सोडला तर ठीक होती, परत आत ठेवली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं झालेलं असतं. त्यात काच मी उलटी धरलेली. माणसं होती एवढं कळलं. एखादा सेकंद गेला असेल.

दोन दिवसांनी मेल आली. ऑस्ट्रेलियातल्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका आदिवासी वस्तीच्या ऑफिसातून. अतिशय नम्र. त्या अधिकाऱ्याच्या डायरीवरून त्यांना कळलं होतं की बारा ते बेचाळीस या काचांवर त्यांच्या पुरुषांचे विधी आहेत. हे विधी ज्यांची दीक्षा झाली आहे अशा पुरुषांनीच बघायचे, त्यांच्याच वस्तीतल्या बाकीच्यांनीसुद्धा नाही. अधिकाऱ्याला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. कृपा करून काचा उघडू नका, स्कॅन करू नका, आणि बायकांनी तर अजिबात बघू नका. आम्हाला त्या घरी न्यायच्या आहेत.

मेल वाचली आणि मी यादीवर बोट फिरवलं: सत्तावीस नंबर बारा ते बेचाळीसच्या बरोबर मधोमध. आमच्याकडे अशी चूक झाली तर रिपोर्ट लिहायचा असतो. मी लिहिला नाही. नोकरीची भीती होती, ती होतीच. पण दुसरी भीती जास्त होती. फादी म्हणाला असता, "हबीबती, तू बघितलीस ना? आभाळ पडलं का? मग प्रदर्शनात लावायला काय हरकत आहे?" एका काचेच्या निमित्तानं बाकीच्या तीसही भिंतीवर गेल्या असत्या. म्हणून मी गप्प बसले आणि आठ महिने गप्पच राहिले.

* * *

जोजीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलं होतं की त्रेसष्ट फोटो काढून द्यायचे. मी त्याला सांगितलं की बारा ते बेचाळीस उघडायच्या नाहीत. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, चेची." चेची म्हणजे ताई. जोजीला कशाचाच प्रॉब्लेम नसतो, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

महिन्याभरानं संग्रहालयाच्या ऑफिसात मोठी मीटिंग. तिथली क्युरेटर बाई हुशार, पण तिच्या डोक्यात प्रदर्शन पक्कं बसलेलं. जोजीनं स्लाइड शो लावला. नदी आली. उंट आले. तंबू, घोडा. आणि मग एक तपकिरी पाकीट. पुढच्या स्लाइडवर दुसरं तपकिरी पाकीट. त्यानं एकतीसच्या एकतीस पाकिटांचे बंद अवस्थेतले फोटो काढले होते, व्यवस्थित लाइट लावून, बाजूला मोजपट्टी ठेवून.

 मी टेबलाखाली फादीचा पाय शोधत होते, म्हणजे त्यानं काही बोलू नये म्हणून दाबता यावा. विसाव्या पाकिटाला क्युरेटरनं विचारलं, "जोजी, हे काय आहे?"

"मॅम, सिक्स्टी थ्री इमेजेस. ॲज पर कॉन्ट्रॅक्ट."

तिनं पडद्यावरून आणखी दोन पाकिटं जाऊ दिली. मग म्हणाली, "ही पाकिटंच मांडली तर?" जोजीनं ताबडतोब फ्रेमचा साइज विचारला.

* * *

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही खोटं नाही. ती पेटी उघडी असती तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. उघडायची नाही म्हटल्यावर शेजारच्या गोडाउनमधले ड्रायव्हरसुद्धा पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन रॅककडे बघून जायला लागले. कुणी म्हणे आत सोनं आहे, कुणी म्हणे जिन्न आहे.

परबकाकांना मात्र एकदाही काही समजावून सांगावं लागलं नाही. मी मेलचा अर्थ सांगितला, त्यावर ते म्हणाले, "बघूचा नाय म्हटल्यावर बघूचा नाय. त्येच्यात इचारूचा काय? आमच्याकडे तरी गाभाऱ्यात सगळ्यांका खंय जाऊक गावता?" त्यांनी पेटीवर धुतलेलं सुती कापड घातलं आणि ती सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, तिच्या डोक्यावरून कशाची ने-आण होऊ नये म्हणून.

आणि मग त्यांनी आपला डबा हलवला. इतकी वर्षं ते दुपारी त्या रॅकखालच्या टेबलावर जेवत. आता ते पार लोडिंगच्या दारापाशी, उन्हाच्या झळा खात बसायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "थंय देवाचा कायतरी आसा. बाजूक बसान बांगडो खाणा बरा दिसणा नाय."

सहा-सात महिने काका त्या दारात घामाघूम होऊन बांगडा खात होते. फादीला वाटायचं, हा माणूस ट्रकवर लक्ष ठेवायला बसतो. त्यानं काकांना कामसू म्हणून सर्टिफिकेटही दिलं.

* * *

घरी वेगळाच ताप. माझी लेक सई नववीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. एकदा जेवताना मी पेटीचं सांगितलं तर म्हणाली, "सो आई, यू आर गार्डिंग अ बॉक्स यू कान्ट ओपन? लाइक, फॉर अ लिव्हिंग?" माझा नवरा बँकेत लॉकर विभागात आहे. तो पानातून डोकं वर न काढता म्हणाला, "मीही तेच करतो." सई खूप हसली.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली. असल्याच विधींचे, पण दुसऱ्या कुणी काढलेले, कुठल्या तरी जुन्या पुस्तकातून नेटवर चढलेले फोटो तिनं शोधून काढले होते. "आई, इट्स लिटरली ऑन द इंटरनेट. एव्हरीबडी कॅन सी." मी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं मी नाटक करते आहे.

मी तिला काही भाषण दिलं नाही. मला ते जमतही नाही. फक्त म्हटलं, "सई, तुझा तो अरंगेट्रमच्या आधीचा फोटो होता ना, ग्रीनरूममधला?" अर्धा मेकअप झालेला, केस सोडलेले, तोंडात पिना, असा तिचा फोटो एका मैत्रिणीनं न विचारता शाळेच्या ग्रुपवर टाकला होता आणि सई दोन दिवस शाळेत गेली नव्हती. सगळ्यांनी सांगितलं होतं, अगं, छान दिसतेस.

 थोड्या वेळानं मला लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग सई म्हणाली, "यू कॅन टर्न अराउंड नाऊ."

मला त्या क्षणी तिला सत्तावीस नंबरचं सांगावंसं वाटलं होतं. धीर झाला नाही.

* * *

संग्रहालयाचे मालक म्हणजे सत्तरीचे एमिराती गृहस्थ. काचा परत द्यायच्या की लावायच्या हे शेवटी तेच ठरवणार होते. एका सकाळी ते न कळवता गोडाउनवर आले. अंगात पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात जपमाळ, मागे फादी, मांजरासमोरच्या उंदरासारखा. म्हणाले, "पेटी दाखवा."

परबकाकांनी पेटी खाली काढली, कापड नीट केलं आणि तिच्यापुढे उभे राहिले. उंची पाच फूट दोन इंच.

"खोलो," मालक म्हणाले. त्या पिढीचे कितीतरी एमिराती झकास हिंदी बोलतात.

"साब, आप मालिक है. लेकिन ये नहीं खुलेगा."

फादीच्या तोंडून कसलातरी आवाज आला. मी तेवढ्यात सिक्युरिटीच्या खिडकीतून बाहेरच्या पार्किंगमध्ये किती गाड्या आहेत ते मोजत होते, असं नंतर जोजीनं मला सांगितलं. मला आठवत नाही.

"क्यों नहीं खुलेगा?"

"उनके घर का बात है, साब. उनको पूछे बिना कैसा खोलेगा?"

 मालकांच्या माळेचे मणी सरकत होते. मग त्यांनी काकांकडे बघितलं आणि म्हणाले, "पिछले महीने मेरी लड़की की शादी हुई. लेडीज हॉल के दरवाजे पर सबका मोबाइल बाहर रख लिया. मैं बाप हूँ. मुझे भी बोला, रुको, पहले सब औरतें सिर ढक लें, फिर अंदर आना. मैं पार्किंग में बैठा रहा."

"बराबर है, साब," काका म्हणाले.

"बराबर है," मालकही म्हणाले. फादीकडे वळले. "जिसका है, उसको दो. खलास."

फादीच्या कामाचे दोन्ही शब्द त्या दिवशी दुसऱ्यानंच वापरले. कारण लगेच मालक "यल्ला" म्हणाले आणि निघून गेले.

* * *

मालक हो म्हणाले म्हणून सामान निघालं असं होत नाही. विमा कंपनी म्हणाली, प्रत्येक काचेचा रिपोर्ट द्या. कुठे तडा, कुठे टवका, कुठे रंग उडालाय. रिपोर्ट नाही तर विमा नाही, विमा नाही तर विमान नाही.

मी लिहिलं, आम्हाला बघता येत नाही. त्यांनी लिहिलं, समजलं, तरी कृपया बघून कळवावे. तीन आठवडे हा पत्रव्यवहार चालला. शेवटी फादी म्हणाला, "मृणाल, लिही ना, गुड कंडिशन. खाली तीसदा तेच." एकतीस काचांना एकच ओळ लिहिणारा एक माणूस होऊन गेला होता. दुसरा व्हायची माझी इच्छा नव्हती, आणि तसं मी फादीला चांगलं चढ्या आवाजात सांगितलं.

तोडगा वस्तीच्या ऑफिसानंच काढला. ज्यांना बघायचा अधिकार आहे ते स्वतः येतील, बघतील आणि सांगतील. आम्ही लिहून घ्यायचं.

आले ते दोघं. एक पंचाहत्तरीचे आजोबा आणि त्यांचा भाचा. भाचा म्हणजे पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा. त्यांच्याकडे मोठ्या माणसाला अंकल म्हणतात, आपण काका म्हणतो तसं, म्हणून आम्हीही अंकलच म्हणायला लागलो. ते इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत सांगते.

आल्या आल्या अंकल पेटीशी गेले. कापडावर हात ठेवून त्यांच्या भाषेत बराच वेळ काही बोलले. परबकाका टोपी काढून शेजारी उभे. बोलणं संपल्यावर अंकलनी विचारलं, "हे कापड कुणी घातलं?" मी काकांकडे बोट केलं. मग मी काकांच्या डब्याचंही सांगितलं, की हे इतके महिने दारात बसून मासे खातात. काका लाजून लाल झाले.

अंकलनी विचारलं, "कसला मासा?"

काकांनी डबा उघडून दाखवला. अंकलनी वास घेतला आणि खुर्ची ओढून रॅकखालच्या टेबलाशी बसले. "आमचं गाव समुद्रावर आहे," ते पेटीकडे बोट करून म्हणाले. "यांना सव्वाशे वर्षांत कुणी माशाचा वास दिलेला नाही. इथेच बस." त्या दिवशी एका डब्यात तिघं जेवले. मी वरणभात खाल्ला, मला बांगडा चालत नाही, याचं अंकलना फार वाईट वाटलं.

* * *

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काम सुरू करायचं होतं. आमचा नियम असा की ज्याच्या हातात वस्तू, त्याच्या हातात पेन्सिल नको. एकानं धरायचं, दुसऱ्यानं लिहायचं. अंकल हातमोजे घालून, खालून उजेड येणाऱ्या टेबलावर काच ठेवून बघणार. भाचा पाकिटं देणार. मी आणि परबकाका त्यांच्याकडे पाठ करून भिंतीशी बसणार. मी लिहिणार आणि काका काचेच्या मापाच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर तड्याची रेघ काढणार.

सुरू करायच्या आधी मी अंकलना बाजूला बोलावलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं एकदम विसरले. म्हटलं, "अंकल, मेल यायच्या आधी मी एक काच बघितली. सत्तावीस नंबर. कुणाला सांगितलं नाही. चूक झाली."

 अंकल रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "सत्तावीस. आपण तिथे पोचलो की बघू." आणि हातमोजे घालायला गेले.

पहिल्याच काचेला घोटाळा. अंकल म्हणाले, "तडा आहे. पूर्वेच्या कोपऱ्यातून निघतो आणि दक्षिणेला जातो."

मी म्हटलं, "अंकल, डावीकडून की उजवीकडून?"

"कुणाची डावी?" त्यांनी विचारलं. ते उत्तर-दक्षिणेतच बोलत होते, घरी बोलतात तसं. काच टेबलावर पूर्वेला असेल तर पूर्वेलाच, त्यात डावं-उजवं करायचं काय, असा त्यांचा सूर. मला काही सुधरेना. परबकाकांना एका मिनिटात जमलं. त्यांनी टेबलाच्या कडेला टेपनं उत्तरेचा बाण चिकटवला, पुठ्ठा त्याच दिशेनं मांडीवर धरला आणि म्हणाले, "मॅडम, लिवा. उगवतीच्या कोपऱ्यापासून दक्षिणेच्या अंगाक. आमच्या वाडीत असाच सांगतत." विमा कंपनीनं पुढे विचारलंही की वस्तूची उत्तर बाजू कोणती ते कळवावे. मी बाणाचा फोटो पाठवला.

मग काम वेगानं चाललं. बारा, तेरा, चौदा.  कधी अंकल त्यांच्या भाषेत हळू आवाजात काही गुणगुणायचे आणि भाचा साथ द्यायचा. आम्ही भिंतीकडे बघत बसायचो. माझ्या पेन्सिलीला घाम येत होता. वीस, एकवीस. 

"सत्तावीस," भाचा म्हणाला.

पाकिटाचा आवाज आला. काच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लगेच, अगदी लगेच, दिव्याचा खटका बंद झाला.

"मृणाल," अंकल म्हणाले. "ही आमची नाही."

"म्हणजे?"

"ही बायकांची आहे. त्या माणसानं सगळ्यांना एकच नाव दिलं. हे मी बघायला नको होतं."

त्यांचा आवाज कापत होता. मी तो आवाज ओळखला, आठ महिने माझ्या पोटात तोच होता. मागे वळून बघितलं तर अंकल डोळ्यांवर हातमोज्यांचे हात ठेवून उभे होते. भाचा केव्हाच दाराबाहेर गेला होता. परबकाकांनी पुठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि काही न विचारता तेही बाहेर गेले.

अंकलनी हातमोजे काढले आणि बहिणीला फोन लावला. त्यांच्या भाषेत खूप वेळ बोलले. मधेच "इंडियन लेडी" एवढं मला कळलं. मग फोन माझ्याकडे दिला.

पलीकडून एका म्हातारीचा घोगरा आवाज आला. "तू एकदा बघितलीस म्हणे ही?"

"हो."

"काय दिसलं?"

"नीट काही दिसलं नाही. आणि कुणाला सांगितलं नाही."

"आई कुठली तुझी?"

"वाईची."

"तिथे नदी आहे?"

"आहे. कृष्णा."

"मुलगी आहे?"

"एक आहे."

"तिला सांगशील यातलं?"

"नाही."

पलीकडे कुणाकुणाशी बोलणं झालं. मग ती म्हणाली, "ठीक आहे. हातमोजे घाल. तडे बघ. फक्त तडे बघ, बायकांकडे बघू नकोस."

मी हातमोजे घातले. अंकल माझ्या खुर्चीत बसले, माझ्याकडे पाठ करून, माझी पेन्सिल एका हातात आणि चालू फोन दुसऱ्या हातात. मी दिवा लावला.

तडे बघितले. सांगितल्याप्रमाणे, फक्त तडेच. हे मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार अवघड गेलं, आणि किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही.

"बोल," अंकल म्हणाले.

"एकच तडा आहे," मी म्हटलं. "उगवतीच्या कडेपासून मावळतीच्या कडेपर्यंत, आरपार. पण एकीलाही लागलेला नाही."

अंकलनी लिहिलं नाही. त्यांनी मान न वळवता फोन मागे माझ्या दिशेनं धरला आणि म्हणाले, "हे परत एकदा सांग. मोठ्यानं. तिकडे सगळ्याजणी येऊन बसल्या आहेत."